धोंडोपंतांची चिंतनमुद्रा

एका जंगलात, मुलांनो, धोंडोपंत नावाचे एक गेंडे राहत होते. गेंडा असला म्हणून काय झालं, वयाने मोठ्यांना अहो-जाहो करावं. हे जंगल नेमकं कुठे ते विचारू नका. तिथे पुरुषभर उंच गवत होतं, भरपूर चिखल होता आणि नुकतीच सफारी सुरू झाली होती, एवढं कळलं तरी पुरे.

धोंडोपंत अंगाने दांडगे, नजरेने अधू आणि स्वभावाने अतिशय भिडस्त होते. उजाडलं की ते नाल्याकाठच्या एका ठरावीक जागी जात. कशाला जात, ते तुम्हाला कळलं असेल. हसू नका. तुम्हीसुद्धा जाता.

गेंड्यांची ही जागा ठरलेली असते. सगळे गेंडे तिथेच येतात आणि तिथे शेणाचा मोठा ढीग साठतो. तो ढीग म्हणजे त्यांचं वर्तमानपत्रच. येणारा प्रत्येक जण तो हुंगतो आणि कोण आजारी, कोण लग्नाचं, कोण हयात आहे, हे सगळं त्याला कळतं.

एके दिवशी ही गोष्ट सफारीचा गाइड मोतीराम याच्या ध्यानात आली. दुसऱ्या दिवशी पंत जागेवर पोचले, तर समोर जीप उभी. जीपमध्ये टिपणीससाहेब. त्यांच्या हातात तोफेएवढी लेन्स.

"साहेब, हलू नका," मोतीराम कुजबुजला. "आता तो इथेच थांबणार. पाच-दहा मिनिटं तरी."

पंतांना दिसलं काहीच नाही, पण ऐकू सगळं आलं. ते थांबले. त्यांनी प्रयत्न केला. तेवढ्यात कॅमेरा कडकडला आणि पंतांचं सगळं आतल्या आत राहिलं.

ते तसेच परतले.

दुसऱ्या दिवशी तीन जीप होत्या. तिसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी पंतांचं पोट नगाऱ्यासारखं टणक झालं.

"पंत, चाल करून जा की!" त्यांच्या पाठीवर बसणारी बगळी शुभ्राबाई म्हणाली. "शिंग कशाला दिलंय देवाने?"

पंतांनी शिंग खाली केलं, डोळे मिटले आणि धाव घेतली. जीप भर्रकन मागे गेल्या. माणसं आनंदाने किंचाळली. "काय अ‍ॅक्शन मिळाली!" टिपणीससाहेब म्हणाले.

पाचव्या दिवशी अकरा जीप आल्या.

मग पंत वाघमहाराजांकडे गेले. महाराज उन्हात पालथे पडले होते.

"महाराज, एवढी एक गोष्ट तरी खासगी राहू द्या."

"धोंडोपंत, आपल्या जंगलाचं नाव होतंय," महाराज म्हणाले. "मी पाणी प्यालो तरी वीस जण फोटो काढतात. मी कधी कुरकुर केली?"

"पाणी पिणं वेगळं, महाराज."

"एक समिती नेमू," महाराज म्हणाले आणि कुशीवर वळले.

पंत दुसरी एखादी आडोशाची जागा शोधायला निघाले. तेवढ्यात शुभ्राबाई धापा टाकत आली.

"पंत, घात झाला! पाच दिवस ढिगावर तुमची काही खबर नाही. सगळे म्हणताहेत, धोंडोपंत गेले. तो तरणा मुसंडीराम तुमच्या चिखलाच्या डबक्यात येऊन बसलाय. वारस म्हणून!"

पंतांचे कान ताठ झाले. ते डबकं त्यांनी पस्तीस वर्षं लोळून लोळून अंगाला बेतून घेतलं होतं. ते तडक तिकडे गेले.

"ऊठ. मी जिवंत आहे."

मुसंडीराम चिखलातून हललासुद्धा नाही. "तोंडी कोणीही सांगेल, काका. ढिगावर तसं कुठे आलेलं नाही."

त्या रात्री पंतांना झोप लागली नाही. लाज मोठी की डबकं मोठं, हे काही केल्या ठरेना. उजाडताना पोटात अशी कळ आली, की प्रश्न आपोआप सुटला.

पंत नाल्याकाठी पोचले. पेट्रोलच्या वासावरून चौदा जीप असाव्यात. कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. कोणीतरी "शूऽऽ" केलं.

पंत ढिगापाशी उभे राहिले. त्यांनी आईवडिलांचं स्मरण केलं. डोळे घट्ट मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. कान मागे गेले. सगळं जंगल स्तब्ध झालं. वेफर्ससुद्धा कोणी चावेना.

आणि मग, मुलांनो, सहा दिवसांचं ओझं उतरलं.

पंतांच्या चेहऱ्यावरच्या आठ्या एकेक करून मावळल्या. ओठ सैल पडले. मिटल्या डोळ्यांच्या कोपऱ्यात एक थेंब आला. बरोबर त्या क्षणी टिपणीससाहेबांनी बटण दाबलं.

दुपारी मुसंडीराम ढिगावर जाऊन आला. त्याने निमूटपणे डबकं रिकामं केलं.

"वाचलं मी, काका," तो खाली मान घालून म्हणाला. "तब्येत अगदी ठणठणीत दिसतेय तुमची."

पंत चिखलात गळ्यापर्यंत बुडाले आणि त्यांच्या लेखी विषय संपला.

पण सहा महिन्यांनी शुभ्राबाई सफारीच्या फाटकावरून उडत आली. "पंत, तुमचा फोटो लागलाय! फाटकाएवढा! पहिलं बक्षीस मिळालंय त्याला."

"कुठला फोटो?" पंतांनी दचकून विचारलं.

"तोच! पण नुसता चेहरा. खाली लिहिलंय, 'अंतर्मुख'. माणसं त्याच्यासमोर टोप्या काढून उभी राहतात. एका बाईंना तर हुंदका आला. मोतीराम सगळ्यांना सांगतो, हा गेंडा रोज पहाटे ध्यानाला बसतो."

पंतांनी कान हलवून माशा उडवल्या.

"काय दिसतं म्हणे त्यांना माझ्या तोंडावर?"

"शांती दिसते म्हणे. परमशांती."

"हो," पंत म्हणाले, "ती मात्र अगदी खरी होती."

तात्पर्य : एकांत मिळत नाही म्हणून रडत बसू नये. खुशाल चारचौघांत कुंथावं. फोटो नीट कापणारा भेटला, की लोक त्यालाच साधना म्हणतात.