अपेक्षाच्या धनुष्याचं सामान

“धनुष्य मी करते! असं करते, की बाण सुटला तरी मुंगीच्या केसाला धक्का लागणार नाही!”

रविवारी सकाळी बोरीतल्या आपल्या घरात राजेश्रीनं ही घोषणा केली, तेव्हा तिचा नवरा भारत दाढी करत होता. त्यानं आरशातूनच विचारलं, “मुंगीला केस असत्यात का?”

“असतात,” राजेश्री म्हणाली. ती बी.एस्सी. झाली होती.

तशी ती बाकी सगळ्या बाबतींत हुशार, पण काळजी करायला तिला कारण लागत नसे. लेक अपेक्षा शिंकली की हिच्या डोळ्यांपुढे सलाईनची बाटली लटकू लागायची. आता तर कारणही मिळालं होतं. शाळेत खेळाचे नवे सर आले होते, त्यांनी तिरंदाजीचं खूळ काढलं, आणि पोरांनी निरगुडीच्या फोकांची धनुष्यं करून गल्लीत युद्ध मांडलं. एक बाण शेजारच्या केशरबाईंच्या शेळीला लागला. शेळीला काही झालं नाही, तिनं बाण खाल्ला. पण राजेश्रीची झोप उडाली! अपेक्षाला ‘नको’ म्हणावं, तर ती दुसऱ्याचं धनुष्य घेऊन खेळणार. त्यापेक्षा आपणच करावं आणि शास्त्रशुद्ध करावं, असं तिनं ठरवलं.

घरातली दुसरी काळजी आतल्या खोलीत पलंगावर झोपलेली असायची. ती म्हणजे तिचे सासरे लिंबाजीराव. राजेश्री त्यांना मामा म्हणे. दिवाळीनंतर परभणीला मामांच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती, आणि डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, “यांना कसलाही धक्का बसता कामा नये.” सासूबाई पालमला लेकीकडे जाताना “राजेश्री, माणूस तुझ्या हवाली करून चाललेय” एवढंच बोलून एसटीत चढल्या. तेव्हापासून राजेश्री येता-जाता मामांच्या नाकासमोर बोट धरून बघायची. मामा डोळे न उघडता म्हणायचे, “हाय अजून.”

असो. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिनं धनुष्याचा अभ्यास केला आणि भारतला पिटाळलं. “दोन बांबू आणा. ओले, सरळ. आणि सुतळी.”

भारत दुकानात पोचतो न पोचतो तोच फोन वाजला.

“अहो, कोरं पांढरं कापड पण घ्या. त्याच्यावर कोळशानं गोल काढू. नेम कुठं धरायचा ते कळलं नाही तर पोरगी वाटेल तिकडं बाण सोडेल!”

थोड्या वेळानं पुन्हा फोन. “कापडामागं कडब्याच्या पेंढ्या लावू. बाण आरपार जाऊन कुणाच्या डोळ्यात गेला म्हणजे?”

मग कापूस, बाणाच्या टोकांना बोंडं करायला. शेवटी एक मडकं, कारण कापडावर नेम बसू लागल्यावर पोरांना काहीतरी फोडायला लागतंच, आणि ते मडकं असलेलं बरं.

भारत मुळात कमी बोलणारा. त्यात चेहरा असा, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो कुणालातरी पोचवून आल्यासारखा दिसतो. भर बाजारात तो बांबू खांद्यावर घेऊन उभा, आणि दर फोनला “बरं... ते बी घेतो... बरं” म्हणत उसासे टाकतोय!

घरी आल्यावर मात्र तो खूश होता. “लय चांगला माणूस हाय बांबूवाला. भाव केला न्हाई, काय न्हाई. न सांगता बांबू मापानं तोडून दिले, वरून कामट्या बी बांधून दिल्या. पाठीवर हात ठिवून म्हणला, धीर धर.”

“खरंय,” राजेश्री म्हणाली, “बांबू वाकवायला धीर लागतोच.”

दुपारी मामा जेवून झोपले. माश्या फार म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून झोपले. राजेश्रीनं दार लोटून घेतलं आणि अंगणात कारखाना सुरू झाला. भारतनं कोयत्यानं एक बांबू उभा फोडला. राजेश्रीनं त्यातली रुंद पट्टी निवडली, मध्ये जाड ठेवून दोन्ही टोकांकडं विळीनं तासत नेली, टोकांना खाचा पाडल्या. मग चूल पेटवून पट्टी निखाऱ्यावर शेकत शेकत वाकवायला घेतली. पट्टी ‘कर्र’ वाजली की ती ओरडायची, “अपेक्षा, मागं हो!” अपेक्षा आधीच ओट्यावर, बापाचं हेल्मेट घालून बसवलेली. आतून ती म्हणायची, “मम्मी, मला काई दिसंना गेलंय.”

अखेर सुतळी दुहेरी करून ओढली, आणि धनुष्य तयार झालं! थोडं एका बाजूला कललेलं, पण धनुष्यच. भारत बाणांसाठी तुराट्या आणायला शेताकडं गेला. आणि फाटकातून केशरबाई आत आल्या.

तोंडाला पदर, हातात झाकलेली थाळी. थाळीत पिठलं-भाकरी.

“आज चूल पेटवू नगंस, माय,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

“पेटवलीय की काकू. बांबू शेकायला.”

केशरबाईंनी बांबूकडं पाहिलं, मग राजेश्रीकडं. त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला, आणि त्यांनी जो गळा काढला! “लिंबाजीआबाऽऽ ओऽऽ! कसं वो सोडून गेलात!”

राजेश्रीनं झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “काकू, हळू! मामा झोपलेत!”

“झोपले गं माय, कायमचे झोपले!” केशरबाई तिच्या बोटांच्या फटीतून रडल्या.

तेव्हा राजेश्रीनं पहिल्यांदा आपल्याच अंगणाकडं नीट पाहिलं. बांबू. कामट्या. सुतळी. कोरं पांढरं कापड. कडबा. कापूस. आणि कोपऱ्यात मडकं! एकेक वस्तू तिनं जपून, विचार करून, कुणाला इजा होऊ नये म्हणून सांगितली होती. आणि गावानं त्या सगळ्यांची बेरीज करून तिरडी काढली होती! बाजारात भारतला कुणी काही विचारलंच नाही. अशा वेळी विचारत नसतात.

ती केशरबाईंना हलवत म्हणाली, “काकू, मामा जिवंत आहेत हो! चांगले जिवंत आहेत! फक्त हळू बोला!”

“व्हय, व्हय,” केशरबाईंनी तिला जवळ घेतलं. “सुरवातीला आसंच वाटतंय. आमचे मालक गेले तवा मी दोन दिस त्यांचा च्या गाळत व्हते.”

“अहो, खरंच! आत येऊन बघा...” राजेश्री बोलून गेली, आणि तिलाच धडकी भरली. मागून आणखी बाया येत होत्या. या सगळ्या आत शिरणार, ती पांढरी चादर बघणार, एकदम हंबरडा फोडणार, आणि मामा जागे होऊन बघतात तर आपल्याच पलंगाभोवती रडणाऱ्या बायांचं रिंगण! स्प्रिंग तिथंच तुटणार!

ती धावत जाऊन दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली. “नाही! कुणीही आत जायचं नाही! मामांना बघायचं नाही!”

“पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय,” एक बाई हळूच म्हणाली.

“लेकीवाणी संभाळायचे तिला,” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या रडू लागल्या. पण राजेश्रीनं ओठांवर बोट ठेवलं होतं म्हणून हळू आवाजात. बोरीत इतक्या दबक्या आवाजात कुणासाठी कुणी रडलं नसेल!

एवढ्यात पुरुषमंडळी आली. पुढं व्यंकटी. गावात कुणीही गेलं की तिरडी बांधावी व्यंकटीनंच. त्याच्यामागं त्याचा मदतनीस चंद्रभान, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत दिनकरराव. दिनकररावांचं आणि मामांचं बांधावरून वाजलेलं. कित्येक वर्षं दोघं एकमेकांचं नावसुद्धा घेत नव्हते. आता ते तडक दाराशी येऊन बसले आणि डोळे पुसू लागले.

व्यंकटीनं मात्र फोडलेला बांबू उचलला. “ह्यो कुणी फाडला? भारतला काय कळतंय का! सरका.”

“व्यंकटीभाऊ, ते धनुष्याचं...”

आतून मामांचा खोकला आला. राजेश्री पाखरासारखी आत गेली आणि दार लावून घेतलं. चादर वरखाली होत होती. तरी तिनं नाकासमोर बोट धरलंच.

“हाय अजून,” चादरीतून आवाज आला. “भाईर कोन हाय?”

“कुणी नाही मामा! केशरकाकू. शेळी सुटलीय त्यांची.”

“शेळी रडायलीय व्हय?”

“हो मामा. झोपा तुम्ही.”

तिनं पंखा पाचवर केला, म्हणजे बाहेरचं ऐकू येणार नाही. चादरीचं टोक खोचलं. नाडी बघितली. मामांची ठीक होती, तिची स्वतःची सापडेना. मग ‘आता सगळ्यांना हात जोडून घालवते’ असं ठरवून ती बाहेर आली.

अंगणात तिरडी तयार होती!

व्यंकटीचा हातच तसा. फोडलेल्या बांबूला सुतळी गुंडाळून त्यानं तो जोडला होता, कामट्या घातल्या होत्या, वर कडबा पसरला होता. आणि पायाकडची एक कामटी कमी पडली, म्हणून तिथं सुतळी काढून, सरळ करून, घट्ट आवळून बसवलं होतं अपेक्षाचं धनुष्य!

“माझंऽऽ!” हेल्मेटमधून अपेक्षानं भोकाड पसरलं.

“नातीचा लय जीव हो आज्यावर!” म्हणत बायांनी मग कसलीही भीड ठेवली नाही. सगळ्यांनी मिळून सूर लावला. आणि त्यावर दिनकररावांनी आभाळाकडं बघत मोठ्यानं म्हटलं, “लिंबाजी, तुझ्यावाणी दिलदार माणूस ह्या गावात झाला न्हाई रं!”

दार उघडलं.

“कोन, दिनकऱ्या?” पांढरी चादर अंगाभोवती लपेटून मामा उंबऱ्यात उभे होते. “पुन्ना म्हण की. पंख्यात नीट ऐकू आलं न्हाई.”

बाया किंचाळून फाटकाकडं पळाल्या. दिनकरराव बसल्या जागी मागं कलले ते थेट दाराशेजारच्या उरलेल्या कडब्यात. केशरबाई तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांनी थाळी पुढं केली आणि विचारलं, “आबा, जेवलात का?”

राजेश्रीनं मामांचं मनगट धरलं. “मामा, बसा! छातीत दुखतंय का? हात जड वाटतोय का? मामा, हे सगळं धनुष्याचं सामान आहे हो!”

मामांनी मनगट सोडवून घेतलं. तिरडीभोवती एक फेरी मारली. वाकून बांबू ठोकून बघितला.

“कुणी आणले?”

“ह्यांनी,” राजेश्री रडकुंडीला येऊन म्हणाली. भारत नेमका तेव्हाच तुराट्यांचा भारा घेऊन फाटकात उभा राहिला होता.

“वाटलंच. बापासाठी वाकडे आणले.” आणि मामा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसका लागला तशी राजेश्री पाणी आणायला धावली, मडक्याला अडखळली, मडकं फुटलं, आणि गेलेल्या दोन बाया आवाज ऐकून परत आल्या.

खरी पंचाईत पुढंच होती. राजेश्री तिरडीची सुतळी सोडून धनुष्य काढायला गेली, तर व्यंकटीनं तिचा हात धरला. “बांधलेली तिरडी अशी रिकामी सोडत न्हाईत, ताई. इपरीत असतंय.”

“मग काय करायचं?”

“कडब्याची पेंढी कापडात गुंडाळायची, वर ठिवायची आन ओढ्याला सोडून यायचं.”

एरवी राजेश्रीनं विज्ञान सांगितलं असतं. पण तिनं मामांकडं बघितलं आणि मुकाट्यानं पेंढी गुंडाळली. अपेक्षाला उद्या नवीन धनुष्याचं वचन दिलं. पुढून व्यंकटी आणि चंद्रभान लागले, मागून भारत. चौथा खांदा दिनकररावांचा धरला होता, पण ते अजून कडब्यात बसून पाणी मागत होते.

“सरका,” म्हणत मामांनी चादर कमरेला खोचली आणि चौथ्या टोकाला हात घातला.

“मामा!” राजेश्री किंचाळली. “खाली ठेवा! डॉक्टरांनी तुम्हाला ओझं उचलू नका म्हणून सांगितलंय!”

मामांनी खांद्यावरचा बांबू नीट केला आणि शांतपणे विचारलं, “मग काय, वर झोपू?”