लाल दिवा आणि काळा मसाला

दोन वर्षं डोकेफोड करून गौरांगने शहराचं कार्बन धोरण लिहिलं होतं. त्यातलं एक कलम त्याच्या विशेष लाडाचं. एखाद्या गल्लीच्या हवेतला कार्बन वाढून तिथल्या यंत्रावर लाल दिवा लागला, की त्या संध्याकाळी ती गल्ली गाड्यांना बंद. पण यंत्राला कुणी गच्ची देईना. शेवटी ते काठे गल्लीत, स्वतःच्याच इमारतीवर बसवावं लागलं. तिथे महिनाभर दिवा आपला हिरवाच.

"सोमवारपर्यंत लाल झाला नाही, तर कलम गाळून टाकू," त्याच्या वरिष्ठ दीपमाला मॅडम म्हणाल्या. आपल्याच गल्लीची हवा बिघडावी म्हणून नवस बोलायचं तेवढं गौरांगने बाकी ठेवलं होतं.

शनिवारी दुपारी दिवा लाल झाला. पोलिसांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावले, मॅडम पाहणीला निघाल्या आणि गौरांग पेढे घेऊन घरी धावला. गच्चीवर पोचला तो शिंकतच. यंत्राच्या पुढ्यात चूल पेटली होती, कढईत मिरच्या तडतडत होत्या आणि त्याची आई सुधाताई व शेजारच्या जहिदाचाची तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"आई, हे यंत्र धुरातला कार्बन मोजतं गं."

"मोजू दे की. गॅसवर भाजलेला काळा मसाला तुलाच चालत नाही."

"तुझ्या या डब्ब्याचा आडोसा मस्त आहे, बेटा," जहिदाचाची म्हणाल्या. "चुलीला वारा लागत नाही."

गौरांगच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगून टाकावं म्हणून तो खाली उतरला, तर भर रस्त्यात कॅरम मांडलेला. गल्ली बंद करायला सगळ्यांत जास्त विरोध करणारा किराणावाला कारभारी दुकानापुढे खुर्च्या टाकत होता. मॅडम बॅरिकेडपासून चालत आल्या होत्या.

"मॅडम, दिवा मिरच्यांमुळे लागला. गल्ली उघडतो."

"उघडायची नाय," कारभारी मध्ये पडला. "यंत्र चुकलं आसंल, आमचं काय चुकलं? आज गिऱ्हाईक उभं राहून बोलतंय तरी."

"पण विरोध तुमचाच होता ना?" मॅडमनी विचारलं.

"तवा गल्ली कुठं दिसली होती? निस्त्या गाड्याच दिसायच्या."

मॅडम दोनदा शिंकल्या. मग गौरांगच्या हातातल्या पुड्यातला पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "ही गल्ली दर शनिवारी बंद. कलम राहील. यंत्र तेवढं चुलीपासून लांब न्या."

गौरांगला आनंदाने काय करावं कळेना. त्याने गच्चीवर धावत जाऊन आधी आईला वाकून नमस्कार केला, मग चाचींना.

सोमवारी मागच्या गल्लीतून फोन आला. "साहेब, आमच्याकडे यंत्र कधी बसवताय? मिरच्या आणून ठेवल्यात."