खुर्चीवाल्या बाईसाहेबांची म्हातारीवरील स्वारी

जिला दोन दारे आणि दीड आरसा, त्या गाडीची ही साद्यंत हकिकत. ऐकणाराने मांडी मोडू नये, मध्ये हसू नये, कारण मोहीम थोर जाहली.

राजमान्य राजेश्री खुर्चीवाले, भाड्याने खुर्च्या-टेबले पोहोचविणार, यांचे पदरी एक पुरातन पिकअप होती, किताब म्हातारी. तिचे पत्र्यास गंज, दारास सुतळी, आणि इंजिन मात्र ऐसे दांडगे की हार ठाऊक नाही. खुर्चीवाले यांची तिजवर बेहद्द मर्जी. परंतु शेजारील आसनावर सौभाग्यवती वज्रचुडेमंडित बाईसाहेब बसत, आणि त्या आसनातून एक स्प्रिंग वर आली होती, ती खड्ड्याखड्ड्यास बाईसाहेबांचा समाचार घेई. पाठ जेर जाहली. बाईसाहेबांनी नव्या गाडीचा अर्ज गुदरला, आणि पुन्हा गुदरला, मग अबोला धरिला. तेव्हा खुर्चीवाले यांनी फर्मान काढिले की, म्हातारी नको, हे शब्द आमचे तोंडून निघतील ते दिवशी नवी गाडी दारी येईल, तोवर हा विषय बंद. बाईसाहेबांनी मनाशी मसलत केली की, इंजिनच मोडावे, म्हणजे झक मारून म्हणतील.

आरंभी रसद तोडिली. इंजिनात तेल घालण्याचे काम बाईसाहेबांकडे, ते त्या सोयीस्कर विसरल्या. म्हातारी जरा खोकली आणि भरल्या मालानिशी चढ चढून गेली. मग रेडिएटरात भांडी विसळल्याचे साबणपाणी ओतिले, तो म्हातारी भर रस्त्यात फुगे सोडीत चालली आणि येणारे-जाणारे खूष जाहले. मग निर्वाणीचा हल्ला म्हणोन डिझेलच्या टाकीत तळणीचे जळके तेल रिते केले. अहाहा! ते तर तिला चांगलेच मानवले, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्यांस अवेळी भूक लागू लागली. बाईसाहेबांनी कपाळावर हात मारिला. "मेली मरत कशी नाही!"

ऐसे असता एका सभागृहात शोकसभेस लोक लोटले, खुर्च्या कमी पडल्या, तातडीने कुमक मागविली. खासा स्वारी खिडकीखाली दाखल जाहली, खुर्च्या आत गेल्या, आणि सर्व मंडळी मौनासाठी उठोन उभी राहिली. गाडी जुन्या चालीची, इंजिन बंद करावयास एक दांडी ओढावी लागे. खुर्चीवाले यांनी ती ओढिली, तो दांडी तारेसकट हातात आली. इंजिन चालूच! आत माना खाली, बाहेर ढगढगढग. मग एकेक मान वर जाहली आणि खिडकीकडे वळली. खुर्चीवाले घामाघूम. त्यांनी म्हातारीस गोंजारिले, बॉनेटवर थापा मारिल्या, चाकास लाथ घातली आणि अखेर दोन्ही हात जोडोन ओरडले, "गप गं म्हातारे! नको, नको झालीस तू मला!"

शब्द निघाले. बाईसाहेब शेजारील आसनावरून सावकाश सरकोन स्टिअरिंगमागे बसल्या, ब्रेक दाबिला, वरचा गियर टाकिला आणि क्लच सोडिला. म्हातारीने एक उचकी दिली आणि थांबली.

बाईसाहेब म्हणाल्या, "ऐकलं हो मी. आतल्या लोकांनीही ऐकलं."

नवी गाडी दारी आली. मग म्हातारीस ओढोन न्यावयास भंगारवाले साखळी घेवोन आले, आणि गंमत म्हणोन त्यांनी किल्ली फिरविली, तो अर्ध्या फेऱ्यात इंजिन ढगढगले. खुर्चीवाले भिंतीकडे तोंड करोन नाक शिंकरू लागले. बाईसाहेबांचे काळीज गलबलले.

"भाऊ, ठेवा ती साखळी," त्या म्हणाल्या. "अहो, काय काय नाही पाजलं मी हिला! पण ही थांबली नाही, म्हणून तर यांच्या तोंडून ते निघालं. माझ्या बाजूनं लढलीय ती. कुठे जायची नाही."

येणेप्रमाणे फत्ते बाईसाहेबांची जाहली. म्हातारीस अंगणातील जागा इनाम मिळाली, आणि तिचे तेल बाईसाहेब आता स्वहस्ते, न विसरता घालितात. नव्या गाडीचे आसन लोण्यासारखे मऊ आहे. बाईसाहेब त्यावर ऐसपैस बसतात आणि खड्डा दिसला की सवयीने अंग जरा वर उचलतात. घडले ते लिहिले, पदरचे घातले नाही.