मानाचा डबा

"पावणं येऊ देत तर खरं! 'पोरगी दिली' म्हटल्याशिवाय ते माझ्या उंबऱ्याबाहेर पडले, तर शालूबाई नाव लावणार न्हाय मी!"

शालूबाईनं हे शनिवारी सकाळी नळावर उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकवलं. गल्लीनं ते नीट ऐकून घेतलं आणि मनात जपून ठेवलं. शालूबाईच्या प्रतिज्ञा गल्ली कधी वाया घालवत नाही. पुढं टोमणे मारायला उपयोगी पडतात.

प्रतिज्ञेला कारणही तसंच होतं. तिचा ऋतुराज उद्यमनगरात लेथवर काम करणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला, आणि तिशी ओलांडून बिनलग्नाचा. स्थळं यायची, फोटो बघायची, पगार विचारायची, मान डोलवायची. मग मुलीकडून एकच प्रश्न यायचा, "संडास घरात हाय का?" की स्थळ फुटलं!

आता संडास घरात असणार कसा? राजारामपुरीच्या मागच्या अंगाला ओढ्याकाठची ही वस्ती. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दोघी एकदम केस झाडायला बाहेर आल्या की भांडण ठरलेलं! घर दीड खोलीचं. खड्डा खणायचा तर चुलीखाली, आणि पाइप काढायचा तर शेजाऱ्याच्या पलंगाखालून. सगळ्यांचा मिळून एक संडास गल्लीच्या तोंडाशी. त्याच्यापुढची रांग म्हणजे रेशनच्या रांगेची थोरली बहीण.

मग ऋतुराजनं एका संस्थेकडून पेटीचा संडास आणला. खुर्चीसारखी बैठक, वर झाकण, आत घट्ट तोंडाचा निळा डबा. काम झालं की ओंजळभर लाकडाचा भुसा टाकायचा. वास नाही, माशी नाही. आठवड्यातनं दोनदा वर्षाराणी नावाची पोरगी हातगाडी घेऊन यायची, दारात "मावशी, डबाऽऽ!" अशी आरोळी द्यायची, भरलेला डबा न्यायची, धुतलेला ठेवायची.

"जिथं भाकरी थापायची तिथंच हे? शोभतंय का?" म्हणून शालूबाईनं आधी ऋतुराजशी अबोला धरला. मग एका पहाटे, कुणी बघत नाही असं बघून, बसून बघितलं. अबोला तिथंच संपला! आता ती त्या पेटीला देवघराच्या वरताण पुसायची.

तरी पावण्यांपुढं तिला पेटीची लाजच. कारण मध्यस्थ बाळासो. ह्या माणसानं आयुष्यभर लग्नं जुळवली आणि तेवढ्यासाठी सत्याशी कायमची फारकत घेतली. त्यानं गारगोटीच्या पाहुण्यांना सांगून टाकलं होतं, "संडास? अहो, एकदम अटॅच हाय!" शालूबाईनं ते खोडलं नाही. आणि न खोडलेलं खोटं घरच्या मांजरासारखं असतं. ते आपल्याच अंथरुणात येऊन झोपतं.

मग तिनं बेत आखला. पेटीवर सोलापुरी चादर, चादरीवर उशी, उशीवर मोर विणलेला रुमाल. झाला सोफा! कुणी विचारलंच तर मोरीच्या बंद दाराकडं बोट दाखवून सांगायचं, "फरशी आजच बसवलीया, ओली हाय." डबा न्यायचा वार उद्याचा. म्हणजे वर्षाराणीची कटकट नाही. बेतात तिळाएवढी फट नव्हती!

त्याच दुपारी पावणं आले. मुलीचे वडील विजयसिंहराव, देह असा की दारातनं आत येताना घरातला उजेड गेला. सोबत त्यांची आई अंबूबाई, काठी टेकत. आणि मागं बाळासो, हसत.

"या पावणं, असं वर बसा! हितं, हितं!" शालूबाईनं सोफा दाखवला.

विजयसिंहराव टेकले. खालून "टक" असा आवाज आला. शालूबाईच्या काळजातनंही तसाच आला.

"झकास हाय की बैठक!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या दिवाणावर बसलं की कंबर जातीया. कुठनं घेतलासा?"

"ऋतुराजनं आणलाय," शालूबाई म्हणाली. एवढं एक खरं होतं.

इस्त्रीचा शर्ट घातलेला ऋतुराज चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं पटकन कपबश्या वाटायला घेतल्या.

"आमची संयोगिता मोठी चिकित्सक," विजयसिंहराव सांगू लागले. "म्हनली, बाबा, तुमी गप्पा मारत बसचिला. आजी, तू संगं जा. बाकी कायबी बघू नकोस, संडास तेवढा डोळ्यानं बघून ये!"

बाळासोनं छताकडं बघितलं. छतावर पाल होती. ती तेवढी निर्धास्त होती.

अंबूबाई शालूबाईच्या कानाशी लागली. "बाई, बघायचं ऱ्हाऊ दे. मला जायाचंच हाय. रस्त्यानं खड्डं लई हुतं."

"अगंबाई! आजी, फरशी… आजच बसवलीया. ओली हाय."

"व्हय का?" म्हातारी हळूच म्हणाली. "तो गल्लीच्या तोंडाला बघितला, त्यात खाली बसायचं असंल न्हाय? गुडघं वाकत न्हाईत गं माझं. ऱ्हाऊ दे. मी धरून ठेवतो." आणि समोरची चहाची कपबशी तिनं एका बोटानं मागं सारली.

ते बोट शालूबाईनं बघितलं. कपबशी अशी मागं सारायची कला तिला चांगली ठाऊक होती. लग्न होऊन ह्या वस्तीत आल्यापासून दिवस मावळल्यावर तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. हळदीकुंकवाचं दूध असो नाहीतर उन्हाळ्यातलं सरबत, "नको बाई, आत्ताच घेतलंय" म्हणायचं. तहान परवडते, अंधारात गल्लीच्या तोंडापर्यंत जाणं परवडत नाही. पण आता पोराचं लग्न समोर बसलं होतं. तेही नेमकं पेटीवरच!

तेवढ्यात दारात आरोळी आली, "मावशी, डबाऽऽ!"

शालूबाई उडालीच. "अगं, आज कशाला? उद्या ये!"

"उद्या मी जोतिबाला पायी खेट्याला चाललो!" वर्षाराणी हातमोजे चढवत दारात आली. "म्हनून आजच सगळ्यांचं उरकाय लागलोय. द्या लवकर!"

"नंतर ये म्हटलं न्हवं!"

"अहो वैनी, द्या की डबा," विजयसिंहराव मध्ये पडले. "बाळासो बोललेत आमाला. क्लासच्या पोरांना जेवणाचं डबं देतासा, म्हाईत हाय की! गिऱ्हाईक दारातनं मागारी लावू ने."

हेही खरंच होतं. शालूबाईच्या हातचे स्टीलचे डबे रोज राजारामपुरीतल्या क्लासच्या पोरांकडं जायचे. स्टीलचा कोणता आणि निळा कोणता हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं. पण गारगोटीहून आलेल्या माणसाला कसं कळावं?

"कसा असतोय गं मावशींचा डबा?" त्यांनी वर्षाराणीला विचारलं.

"मावशीचा? सगळ्या गल्लीत एक नंबर!" पोरगी फुलून म्हणाली. "गळती न्हाय, वास न्हाय, झाकण कसं घट्ट! बाकीच्यांचं उचलताना जीव जातोय. मावशींचं बघून शिका म्हनून सांगतो मी घराघरात."

"मग! हाताला गुण असाय लागतोय," विजयसिंहरावांनी पसंतीची मान हलवली. "घेऊन कुठं जातीस डबा?"

"शिवाराकडं. तिथं त्याचं खत करत्यात."

विजयसिंहरावांची मान थांबली. "खत?"

"व्हय की. फुलकोबी अशी येतीया त्याच्यावर!"

"वैनी!" पावणं गरजले. "अन्नाचं खत? पोरांनी तोंड लावलं न्हाय तर म्हशीला घाला, भिकाऱ्याला घाला! एवढं वंगाळ करतासा व्हय जेवण?"

आता आली का पंचाईत! शालूबाईच्या आमटीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. क्लासची पोरं डबा संपला तरी बोटं चाटायची. आणि हा माणूस, भर बैठकीत, तिचं जेवण थेट शिवारात ओतत होता! खरं सांगावं तर संडास उघडा पडतो, गप्प बसावं तर आमटी बदनाम होते. शेवटी तिनं आमटी बुडवली.

"व्हय पावणं," ती मेल्या आवाजात म्हणाली. "कधीकधी… मीठ जास्त हुतंय."

ऋतुराजनं आईकडं बघितलं. कडक उन्हात बर्फ विकणारा माणूस वितळत्या लादीकडं बघतो, तसं.

"असूंदे, असूंदे," विजयसिंहराव विरघळले. "आमची संयोगिता सुगरण हाय. ती आली की मिठाचं बघंल!"

आली की! म्हणजे सोयरीक झाल्यातच जमा! बाळासो सावरून बसला. वर्षाराणी "बरं, सोमवारी येतो मग" म्हणत हातगाडी वळवू लागली. खोटं तरलं होतं. आता फक्त साखर वाटायची.

शालूबाई साखरेच्या डब्याकडं वळली आणि तिची नजर अंबूबाईवर गेली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. पदराचा बोळा मुठीत आवळलेला, ओठ मिटलेले, कपाळावर घाम. आणि तरी चेहऱ्यावर हसू. पावण्याच्या घरी आल्यावर ठेवायचं असतं ना, ते.

शालूबाईनं साखर खाली ठेवली.

"वर्षा, थांब. पावणं, उठा."

"का? पानं वाढली?"

"न्हाय. तुमच्या आईला बसायचंय. तुमी बसलाय तो सोफा न्हाय, संडास हाय."

छतावरच्या पालीनं चुकचुकायचं मनात आणून रद्द केलं. मग विजयसिंहराव उठले. एवढा देह एवढ्या चपळाईनं उठलेला कोल्हापुरानं आखाड्याबाहेर क्वचितच बघितला असेल! मोराचा रुमाल त्यांच्या विजारीला चिकटून तसाच आला.

"सं… संडास? मला? मानानं बसवून?"

"पुसलेला हाय, पावणं," वर्षाराणी धीर द्यायला म्हणाली.

"आनि तो डबा? जेवणाचा?"

"जेवणाचाच की! फकस्त माणसातनं फिरून आलेला!" वर्षाराणीनं खुलासा केला.

"भाहीर व्हा सगळी गडी!" शालूबाईनं पडदा ओढला. मागं अंबूबाईला हाताला धरून बसवलं, तिचा काठीचा हात आपल्या खांद्यावर घेतला. गुडघे वाकवायची वेळच आली नाही.

बाहेर गल्लीत गर्दी जमली होती. नळावरची प्रतिज्ञा आठवून प्रत्येकजण काहीतरी निमित्तानं उभा होता. पडद्याआड शालूबाईला सगळं ऐकू येत होतं.

"बाळासो! तुमी अटॅच म्हनला हुता!"

"मग? ह्याच्यापेक्षा अटॅच काय असतंय? चिकटून बसला हुतासा की!"

"चपला कुठं हायत माझ्या? आई, चल गं! असल्या खोटारड्या घरात पोरगी न्हाय द्यायची मी!"

शालूबाईनं डोळे मिटले. गेलं! पोराचं लग्न गेलं, आमटीही गेली.

मग ऋतुराजचा आवाज आला. तो एरवी इतकं कमी बोलायचा की शेजाऱ्यांना त्याचा आवाज ओळखू येईना.

"मामा, फरशीचं खोटंच हाय. खरं तो संडास लग्नासाठी आणलेला न्हाय. आई सांजच्यानं पाणी पीत नव्हती. डॉक्टर म्हनले, मूत्रपिंडाला सूज येतीया. तिच्यासाठी आणतो म्हटलं असतं तर तिनं घेऊच दिला नसता. म्हनून म्हटलं, स्थळं परत जात्यात, घेऊया. तुमी पोरगी देऊ नका. पर माझ्या आईला खोटारडी म्हनू नका."

पडद्याआड शालूबाई भुशाचा मग हातात घेऊन तशीच उभी राहिली. मुलासाठी म्हणून पेटी घरात घेतली, आणि ती होती तिच्यासाठीच! गुलामानं पत्ता लागू दिला नव्हता.

अंबूबाईनं तिच्या हातातला मग काढून घेतला आणि स्वतःच भुसा टाकला. "रडतीस काय? लेक काढलास की वाघ!" मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, "आमच्यातबी संडास हाय, गोठ्याच्या मागं, बसका. सांजच्यानं मीबी पाणी घेत न्हाय. माझ्या लेकाला म्हाईतच न्हाय." असं म्हणून तिनं मागं सारलेला चहा मागितला. गार झालेला, साय धरलेला. तो तिनं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

बाहेर विजयसिंहरावांना एक चप्पल सापडली होती. दुसरी सापडलीच नाही, असं ते नंतर सांगायचे. गल्ली सांगते की दुसरी त्यांच्या पायाशीच होती, पण आत आई काय म्हणाली ते ऐकून त्यांना ती दिसेनाशी झाली.

पडदा सरला. अंबूबाई काठी टेकत आली आणि लेकाकडं हात पसरला. "फोन लाव संयोगिताला."

फोन लागला. मोठ्या आवाजातला, कारण म्हातारीला ऐकू कमी.

"आजी, बघितलास का?"

"बघितला न्हवं, बसून आलो!"

"मग?"

"खुर्चीवानी हाय पोरी. आनि सासू अशी हाय की स्वतःचं नाक कापून घेतलं, पर मला ताटकळत ठेवलं न्हाय. बाकीचं तुझं तू बघ."

पलीकडनं विचारणा आली, "कडी हाय का आतनं?"

"कडी कुठली? पडदा हाय नुसता."

"दार आनि कडी करून घ्या म्हनावं. मग येतो मी."

एवढं कानावर पडायची खोटी, ऋतुराज गल्लीतनं पळतच सुटला. "आरं, साखर तरी खा!" शालूबाई ओरडली. तोवर नवरदेव प्लायवूडच्या दुकानात पोचला होता.

वर्षाराणीनं डबा बदलला, साखर खाल्ली, "अजून दोन गल्ल्या हायत" म्हणत हातगाडी ढकलली. शालूबाईनं पानं वाढली. आमटीत मीठ अगदी बेताचं होतं, हे तिनं दोनदा सांगितलं.

"बसा की, व्याही," तिनं भिंतीकडची लोखंडी पेटी पुढं सरकवली.

विजयसिंहराव बसले नाहीत. वाकले, झाकण उचललं, आत डोकं घातलं.

"जोंधळं हायत हो!" शालूबाई म्हणाली.

त्यांनी कोपरापर्यंत हात घालून खात्री केली. आणि मग खाली फरशीवर मांडी घालून बसले.