लाल पेटी आणि हजेरी क्रमांक चौदा

डोळे मिटा पाहू. आता एक लाल पत्र्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. वर एक बारीक फट, पुढे कुलूप. तुम्ही आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट कागदावर लिहिलीत आणि तो कागद त्या फटीतून आत टाकलात. टाकल्यावर तुम्हाला आठवलं, की कागदावर आपण आपलं नाव लिहिलंय. आणि सकाळी उठून बघता, तर ती पेटी मोटारसायकलवर बसून सरकारी ऑफिसात चालली आहे.

पोटात काही हललं का? हललं असेल तर जांभूळधऱ्याच्या दीक्षाची गोष्ट तुम्हाला नीट समजेल. उघडा डोळे.

जांभूळधरा हे तेलंगणातलं, बेल्याच्या बाजूचं, कापसाच्या शेतांनी वेढलेलं लहानसं गाव. दीक्षा तिथून रोज मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी सहावीच्या वर्गात जायची. तिचे बाबा, चंपत, शाळेच्या शेजारच्या मंडळ ऑफिसात कारकून होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोन नियम केले होते आणि ते लेकीलाही पाठ करून घेतले होते.

"नाव, गाव, तारीख नसंल तं ते दरखास्त नाही, रद्दी हाय," हा पहिला.

"अन् रसीद हातात घेतल्याबिगर खिडकी सोडाची नाही," हा दुसरा.

अशा पक्क्या माणसाची झोप महिन्याभरापासून उडाली होती. ऑफिसात नरसिंगराव नावाचे नवे तहसीलदारसाहेब आले होते. त्यांच्या टेबलावर पितळेची एक घंटी होती. ते तोंडाने कुणाला हाक मारत नसत, घंटीच मारत. दिवसातून चाळीस वेळा. आता घरी शेजाऱ्याच्या बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली तरी चंपत ताडकन उभे राहून "आलो साहेब" म्हणत आणि चपला शोधू लागत.

हे बघून दीक्षाच्या आत्याने, ताराबाईने, त्यांना रविवारी हाताला धरून विहाराच्या हॉलमध्ये नेलं. आदिलाबादहून पूर्णिमा मॅडम ताणतणाव, झोप आणि आत्मविश्वास यांवर शिबिर घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर सोडायला शिकवलं. मग एकेक चिठ्ठी वाटली.

"ज्याची भीती वाटते ते लिहा. नाव लिहायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या एका खोक्यात टाकू आणि शेवटी जाळून टाकू," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खोका बसमध्येच राहिला होता.

चंपत उत्साहाने उठले. ऑफिसची तक्रारपेटी त्यांच्या घरीच होती. तिचा रंग उडाला होता आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना चालत नसे, म्हणून शनिवारी त्यांनी ती स्वतः रंगवायला आणली होती. ते पेटी घेऊन आले. "याच्यात गेलेला कागद इकडचा तिकडं होत नाही," ते अभिमानाने म्हणाले.

एकोणीस चिठ्ठ्या पेटीत पडल्या. मग मॅडमनी किल्ली मागितली. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती.

"काही हरकत नाही, पुढच्या रविवारी जाळू," मॅडम म्हणाल्या. चंपत म्हणाले, "उद्या सकाळी साहेबाच्या आधी जाऊन मीच रिकामी करतो."

दीक्षा मात्र कोपऱ्यात गार पडली होती. पहिला नियम! तिच्या चिठ्ठीवर वर, ठळक अक्षरात, समास सोडून लिहिलं होतं: दीक्षा चंपत, इयत्ता सहावी, हजेरी क्रमांक चौदा, मुक्काम जांभूळधरा. आणि खाली: 'मला चारचौघांसमोर वाचायची भीती वाटते. आवाज जातो. गुरुवारी प्रार्थनेला सुविचार वाचायची माझी पाळी आहे.'

सोमवारी सकाळी सात वाजता चंपत आंघोळीला गेले असताना ऑफिसचा शिपाई मारोती मोटारसायकलवर आला.

"सायबानं पेटी आत्ताच्या आत्ता बोलावली. आज सोमवार, तक्रारीचा दिवस हाय," तो म्हणाला. त्याने पेटी उचलून टाकीवर ठेवली. चंपत टॉवेलवर बाहेर आले तोवर रस्त्यावर फक्त धूळ होती.

"आता?" ताराबाई म्हणाली.

"आता काय? सरकारी पेटी खाजगी कामाला वापरली म्हणून मेमो भेटते. महिन्यात दोघाले देल्ले त्यानं."

"मंग खरं सांगून टाक नं."

"तू सांग. तू तं वाघीण हायस."

ताराबाईला सगळं गाव वाघीण म्हणायचं. मागच्या वर्षी तिने अंगणात शिरलेला साप फुकणीने पिटाळला होता. पण आज वाघिणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, "मी पन येतो. माही पन चिठी हाय त्याच्यात."

तिघं एका मोटारसायकलवर निघाले. दीक्षा मध्ये बसली होती. पुढे बाबांची पाठ आणि मागे आत्याचं पोट, दोन्ही चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर जात होती.

चंपत धावत आत गेले. दीक्षा आणि ताराबाईला मारोतीने दारात अडवलं.

"तक्रार काय हाय?"

"पेटीतला कागद वापस पायजे," ताराबाई म्हणाली.

"म्हंजे पेटीची तक्रार. लिहून आना."

"लिहून कोनाले देऊ?"

"पेटीत टाका."

"अरे बाप्पा, पेटीचीच तक्रार पेटीत टाकू?"

"दुसरी पेटी नाही आमच्यापाशी," मारोती गंभीरपणे म्हणाला आणि दोघींना पाचवं टोकन देऊन बाकावर बसवलं.

खोली माणसांनी भरली होती. दीक्षाची नजर समोरच्या बाकावर गेली आणि ती आत्याच्या मागे सरकली. तिथे अर्पिताची आई बसली होती. अर्पिता म्हणजे तिच्याच वर्गातली. अर्पिताच्या आईला कळलेली गोष्ट डब्याच्या सुट्टीत अर्पिताला कळायची, आणि अर्पिताला कळलेली गोष्ट शाळा सुटायच्या आत फळ्यावर असायची. आता तिची चिठ्ठी इथे वाचली गेली, तर गुरुवारी सुविचार ऐकायला नव्हे, आवाज कसा जातो ते बघायला सगळी शाळा टपून बसणार होती.

मागे चंपतांना घेऊन साहेब आतून आले, हातात पेटी आणि किल्ली. त्यांनी पेटी उघडली आणि चिठ्ठ्यांचा ढीग टेबलावर पडला. ते तेलुगूत बोलत. आपण मराठीतच ऐकू.

"एकोणीस? मागच्या सोमवारी तर दोनच होत्या," साहेब खूश होऊन म्हणाले. "आणि बहुतेकांवर नावाच्या ओळीच नाहीत. चंपतराव, जो नाव लिहीत नाही तो जास्त घाबरलेला असतो. त्यामुळे या आधी ऐकायच्या. सगळ्यांवर नंबर टाका आणि मोठ्याने वाचा. मला मराठी वाचता येत नाही."

चंपतांनी नंबर टाकले. ऑफिसचा नियमच होता, की नंबर पडलेला कागद सरकारचा, तो खिशात घालता येत नाही. त्यांनी पहिली चिठ्ठी उचलून तेलुगूत सांगितली. "न्हाणीत पाल आहे. तिच्या भीतीने दोन महिने नीट झोप नाही."

"ग्रामपंचायतीला कळवा," साहेब म्हणाले.

"कोन लिहलं असंल बाई? पालीले भेते," ताराबाई दीक्षाच्या कानात पुटपुटली आणि पदराने तोंड पुसत बसली.

"पुढची."

"स्वप्नात रोज गणिताचा पेपर असतो आणि मी अभ्यास केलेला नसतो. माझं वय एक्कावन्न."

"शिक्षण खातं."

"नवरा घोरतो. मला झोप नाही."

साहेबांनी पेन थांबवलं. त्यांनी बराच विचार केला. "ध्वनिप्रदूषण," ते शेवटी म्हणाले.

खोलीत कुणी हसलं नाही. सरकारी ऑफिसात कोणत्या गोष्टीला हसायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकेक चिठ्ठी वर येत होती तशी दीक्षा बाकाच्या कडेकडे सरकत होती. सहावी झाली. सातवी झाली. आठवी चंपतांनी उघडली आणि ते थांबले.

"वाचा."

चंपतांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. कपाळावरून घामाचा एक थेंब निघून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. दीक्षा बघतच राहिली. हे तिला ओळखीचं होतं. घसा असाच बंद होतो, कान असेच तापतात. तिला वाटायचं, आवाज फक्त आपलाच जातो. बाबांचा पण जातो?

"काय झालं? अक्षर लागत नाही?" साहेबांनी विचारलं. चंपतांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती शाळेच्या गणवेशावर थांबली. "ए मुली, तुला मराठी आणि तेलुगू दोन्ही येतं? ये इकडे. ही मोठ्याने वाच."

बाकापासून टेबलापर्यंत आठ पावलं होती. दीक्षाला ती गावापासून शाळेइतकी लांब वाटली. तिने चिठ्ठी हातात घेतली. बाबांचं वळणदार अक्षर: 'साहेबांची घंटी वाजली की पोटात गोळा येतो. झोपेतही तीच ऐकू येते.'

तिने वर पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत होते. ते कधी कुणासमोर हात जोडत नसत, पण आत्ता त्यांचे डोळे हात जोडल्यासारखे दिसत होते. मागे अर्पिताची आई पुढे झुकून बसली होती. बाकावरून ताराबाई नाकपुड्या फुगवून चार मोजून दाखवत होती.

दीक्षाने चार मोजत श्वास घेतला. तिला काहीतरी वाचायलाच हवं होतं, आणि जे कागदावर होतं ते वाचायचं नव्हतं. दुसरं एकच वाक्य तिला रात्रभर मनात घोळून पाठ झालं होतं.

"मला चारचौघांसमोर वाचायची भीती वाटते," ती कागदाकडे बघत तेलुगूत म्हणाली. "आवाज जातो."

आवाज गेला नाही. थोडा कापला, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. साहेबांनी लिहिलं, "शाळा." चंपतांच्या नाकावरचा थेंब खाली पडला.

दीक्षा वळणार इतक्यात साहेब म्हणाले, "थांब, ही पण वाच. ही वेगळी दिसते. समास सोडलाय, वर चार ओळी आहेत. ही खरी दरखास्त."

ती तिची चिठ्ठी होती. तिच्यातलं तर तिने आत्ताच वाचून टाकलं होतं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा सुटका झाल्यासारखे रुमालाने मान पुसत होते. आज सुटले. उद्या पुन्हा घंटी वाजणार, रात्री पुन्हा चपला शोधणार. दीक्षाने सहा मोजत श्वास सोडला आणि वाचायला सुरुवात केली. या वेळी नावापासून.

"दीक्षा चंपत, इयत्ता सहावी, हजेरी क्रमांक चौदा, मुक्काम जांभूळधरा. मला साहेबांच्या घंटीची भीती वाटते. ती इथं वाजते आणि माझे बाबा घरी दचकून उठतात. बैलाला पण 'आलो साहेब' म्हणतात. ते झोपत नाहीत, म्हणून मी पण झोपत नाही."

चंपत टेबलाची कड धरून उभे होते. साहेबांचा चेहरा काही सांगत नव्हता. मारोतीला बोलवायला त्यांचा हात सवयीने घंटीकडे गेला आणि तिच्या बोटभर वर थांबला. मग तो मागे आला.

"मारोती," साहेबांनी हाक मारली.

कुणी आलं नाही. हाक इतकी बारीक होती, की पहिल्या बाकापर्यंतही धड पोचली नव्हती. साहेबांचे कान लाल झाले. ते चंपतांकडे वाकून हळूच म्हणाले, "बघितलंत? लहानपणापासून असंच आहे. हाक मारली आणि कुणी आलंच नाही तर, म्हणून घंटी ठेवली."

चंपत महिन्याभरात पहिल्यांदा साहेबांकडे नीट बघत राहिले. मग खाकरले. "साहेब, चार मोजत श्वास आत घ्या. सहा मोजत सोडा. मग मारा हाक."

साहेबांनी घेतला. साहेबांनी सोडला. "मारोती!"

मारोती असा धावत आला, की दारातल्या स्टुलाला अडखळला.

साहेबांनी घंटी ड्रॉवरमध्ये टाकली. "हे श्वासाचं कुठे शिकवतात?" त्यांनी विचारलं. चंपत पेटीकडे बघत चाचरत म्हणाले, "रविवारी, साहेब. आमच्या विहारात. पेटी... पेटी पण तिथंच..." साहेबांनी ढिगाकडे पाहिलं, पालीवर आणि घोरण्यावर टाकलेल्या नंबरांकडे पाहिलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ढीग उचलून पुन्हा पेटीत भरला आणि एक कोरा कागद फाडून घेतला. त्यावर हाताचा आडोसा धरून काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि फटीतून आत सोडलं.

"नेऊन जाळा," ते म्हणाले. "वीस आहेत. मुली, तुझी दरखास्त निकाली निघाली. जा आता शाळेत."

दीक्षा गेली नाही. ती टेबलाला पोट टेकवून तिथेच उभी राहिली. शाळेची घंटा झाली, अर्पिताची आई उठून जवळ आली, ताराबाईने मागून फ्रॉक ओढला, तरी ती हलली नाही. तिने उजवा हात साहेबांसमोर पसरला आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"साहेब, रसीद."