बापूकाकांचा चिखल

पूर ओसरल्यावर अख्ख्या महाडाला चिखल नकोसा झाला होता. आमच्या शेजारच्या बापूकाकांना मात्र तो पुरत नव्हता!

काका मूळचे उमरठकडचे. काकी कधीच गेल्या, मुलगा मुंबईला. स्वभाव असा खवट की दारात कुणी उभं राहिलं की पहिला प्रश्न, "काय काम हाय?" काम नसेल तर दार बंद.

पण दुसऱ्या गावच्या नगरपालिकेने मदतीला माणसं पाठवली, ती फावडी-घमेली घेऊन आमच्या आळीत शिरली आणि काकांना कंठ फुटला. "कोपरा कोन काढनार, तुझा आजा?" असं त्यांच्या मुकादमावर खेकसायचे आणि पाठोपाठ आल्याचा चहा द्यायचे. आम्हाला इतक्या वर्षांत साधं पाणी विचारलं नाही हो! मुकादमही वस्ताद. "काका, तुमच्या शिव्या खाल्ल्याबिगर फावडं चालत नाय," म्हणायचा. काका खूश.

हळूहळू घरं धुऊन निघाली, पावडर मारून झाली, तलाठी पंचनामे करून गेले. काकांची मागची खोली काही साफ होईना. पथकाने आज चिखल काढावा, उद्या पुन्हा आहेच! "येवढा गाळ येतो तरी कुठून?" मुकादम डोकं खाजवायचा.

एका दुपारी मी परसात गेले तर काका गटाराकाठचा गाळ घमेल्यात भरून घरात नेताहेत. माझं टाळकंच सटकलं.

"अहो काका, वेड लागलंय का तुम्हाला?"

"हळू बोल गो," ते म्हणाले. "घर साफ झालं तर ती पोरं कशाला येतील माज्याकडं?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने खोली पुन्हा धुऊन घेतली, चहा संपवला आणि म्हणाला, "चला काका, इथलं काम झालं. आता आमची गाडी परत गावाला."

काका त्याच्यामागोमाग रस्त्यापर्यंत गेले. गाडीच्या फाळक्याला हात लावून विचारलं, "काय रे, पुढल्या वर्साला परत येईल काय पूर?"

मुकादमाला वाटलं, म्हातारा घाबरलाय.

"छे हो काका! नदीतला गाळ काढतायत. आता नाय येणार, बिनघोर ऱ्हावा."

"नाय येनार?" काका म्हणाले. गाडी सुटली, तरी त्यांचा हात तसाच वर राहिला होता.