मजीदभाई आणि त्यांची म्हातारी

कतरमधल्या आमच्या अल मुंतझा भागातल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मुशीच्या तेलाचा वास आला की आज शुक्रवार, हे कॅलेंडर न बघता कळायचं. मुशी म्हणजे शार्क. तिच्या यकृताच्या तेलाचा डबा घेऊन मजीदभाई लिफ्टने खाली जायचे आणि बाकीचा मजला नाक धरून जिन्याने. कुणी तक्रार केलीच तर शांतपणे म्हणायचे, "वास नाय हो तो. औषद हाय म्हातारीला."

ही म्हातारी म्हणजे एक जुनं लाकडी गलबत. आणि मजीदभाई म्हणजे आमचे शेजारी, मूळचे गुहागरकडचे, एका कंपनीत स्टोअरकीपर. त्यांचे वडील याच गलबतावर सुतार होते. मालक तेव्हा बू राशिद नावाचा कतरी म्हातारा. त्याच्या काळात गलबताने माल वाहिला, पुढे मासे धरले. तो गेल्यावर मुलाने त्यावर रंगीत दिवे आणि स्पीकर चढवले आणि ते कॉर्निशच्या समुद्रकाठच्या रस्त्यासमोर टुरिस्टांना फिरवू लागलं. दिव्यांचं मजीदभाईंना काही वाटलं नाही, स्पीकर मात्र जिव्हारी लागले. "या वयात नाचवतात तिला," म्हणायचे. आणि मग नेहमीचं पालुपद, "मालक येतात, मालक जातात."

कागदोपत्री त्या गलबताशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरी दर शुक्रवारी जाऊन फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचे. फुकट. फुकटचा माणूस कुठल्या मालकाला नको असतो?

एकदा मलाही घेऊन गेले. चढण्याआधी चपला काढायला लावल्या. "तुमी नाशिकवाले," म्हणाले, "तुमाला गोदावरी म्हायत. ती पन गुडघाभर." मग हातात हातोडी दिली. मी पहिलाच घाव स्वतःच्या अंगठ्यावर घातला. मजीदभाई धावत आले आणि आधी फळीला काही झालं नाही ना ते पाहिलं.

गावी बायको, दोन मुलगे, सुना, स्लॅबचं घर. मुलगे फोनवर सारखे म्हणायचे, आता पुरे, या. यांचं उत्तर ठरलेलं, "म्हातारीला कोन बघंल?"

मग वर्ल्डकपची तयारी सुरू झाली आणि सगळं शहर खणून निघालं. ऑफिसला जायचा रस्ता काल होता तिथे आज नसायचा. पाहुण्यांना जुनं कतर दाखवायचं म्हणून एका नव्या हॉटेलने ते गलबत विकत घेतलं, क्रेनने उचललं आणि पुढच्या बागेत सिमेंटच्या चौथऱ्यावर नेऊन बसवलं.

मजीदभाई त्या दिवशी जेवले नाहीत. लाकडी गलबत पाण्याबाहेर राहिलं की लाकूड आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण हॉटेलात कोकणातलं कुणी नव्हतं. तेव्हापासून रोज ड्युटी सुटली की हे थेट त्या बागेत. माळ्याचा पाइप मागून घ्यायचे आणि गलबताला पाणी पाजत उभे राहायचे. तिथल्या उन्हात ते पाणी किती टिकणार? पण ऐकायचं कुणी.

एका संध्याकाळी मला हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला; नंबर मजीदभाईंनीच दिला होता. गलबताखाली नवे दिवे बसवले होते. मजीदभाईंनी त्यांनाही मनसोक्त न्हाऊ घातलं होतं आणि हॉटेलच्या दर्शनी भागात अंधार झाला होता. मी डायव्हर्जनांना शिव्या घालत पोचलो. मजीदभाई ओल्या पँटने फुटपाथवर बसले होते. मॅनेजर आपलाच, भला माणूस. समजावत होता, "अंकल, ये शो-पीस है."

"शो-पीस को भी प्यास लगता है, साब."

तो हसला नाही. उद्या फटींत पुट्टी भरून वरून लॅकर मारणार आहेत, असं त्याने सांगितलं. म्हणजे पुन्हा पाणी लागायचं नाही, तेल नाही, कापूस नाही. खलास.

परतताना गाडीत मी आपलं शहाणपण पाजळलं. "सुटलात, मजीदभाई. आता खुशाल गावी जा. मुलं बोलावतायत."

ते बाहेरच्या खड्ड्यांकडे बघत होते. "बायकोनं घर बांदला," म्हणाले. "पोरांची लग्ना तिनंच लावली. मी सुट्टीत जातंय, तर मला खुर्ची देतात. चाय देतात. पाव्हन्यासारखा बसून ऱ्हातंय." मग म्हणाले, "तिथं माज्याशिवाय काय गळत नाय, नाशिकवाले."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या वेडाची मी पार्ट्यांमध्ये नक्कल करत आलो होतो.

पुढच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात मजीदभाई, अंघोळ करून, भांग पाडून, हातात पान्हा. माझ्याकडे न बघता त्यांनी बायकोला विचारलं, "वैनी, तुमचा किचनातला नळ गळतो काय?"

आमच्या घरातला एकही नळ गळत नव्हता.

"गळतो ना," बायको म्हणाली. "कधीचा गळतोय. या, आत या."